पेटीला गाता गळा देणारे गोविंदराव टेंबे

स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की सभागृहाच्या कोपऱ्यात पेटी येऊन बसते. गायकाचे कौतुक होते, तबलजीला टाळ्या मिळतात. पेटीवाल्याकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. पाश्चात्त्य देशांत पियानोवादक एकटा व्यासपीठावर बसतो आणि हजारो श्रोते त्याला तन्मयतेने ऐकतात. आपल्याकडे पट्ट्यांच्या वाद्याला असा स्वतंत्र मान मिळवून देणाऱ्यांत गोविंदराव टेंबे यांचे नाव अग्रभागी आहे.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी झाला. ते वाढले कोल्हापुरात. शाहू महाराजांच्या आश्रयाने तेथे संगीत, नाटक आणि कुस्ती एकाच वेळी बहरत होती. देवल क्लबच्या बैठकांत त्यांच्या कानावर अभिजात संगीताचे संस्कार झाले. पेटीवर त्यांचा हात बसला तो मुख्यतः स्वतःच्या मेहनतीने. पुढे भास्करबुवा बखले यांची साथ करता करता त्यांना गायकीचे मर्म उमगले. अल्लादियाखाँसाहेबांच्या गाण्याचा तर त्यांनी जन्मभर ध्यास घेतला.

पेटी हे मूळ परदेशी वाद्य. १८४२ मध्ये पॅरिसमध्ये तिचे पेटंट घेतले गेले. तिचे स्वर ठरलेले. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर तिच्यात नाही. आपल्या संगीताचा प्राण असलेली मींड तिच्यातून निघत नाही. हे वैगुण्य हाडामांसाच्या गळ्याशी रोज तुलना होणाऱ्या साथीदाराला किती जाचत असेल! गोविंदरावांनी पेटी केवळ साथीपुरती ठेवली नाही. गायकीच्या अंगाने तिचे स्वतंत्र वादन करून, वाद्याची उणीव वादकाच्या बुद्धीने कशी झाकता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

१२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. पदांच्या चाली गोविंदरावांच्या होत्या. त्यापूर्वी नाटककारच बहुधा चाली निवडत असे. येथे संगीतदिग्दर्शक ही स्वतंत्र व्यक्ती पुढे आली. ठुमरी, दादरा, कजरी अशा उत्तरेकडील ढंगांनी मराठी नाट्यपदाला नवा तजेला आला. दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले, तेही याच नाटकात.

१९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह गोविंदरावांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तेथे ते फार काळ रमले नाहीत. त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी उभी केली. बोलपट आला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. तरीही १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या बोलपटात दुर्गा खोटे यांच्या तारामतीसमोर हरिश्चंद्र झाले ते गोविंदराव, आणि संगीतही त्यांचेच! पुढे लेखणी हाती घेऊन त्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’, ‘माझा जीवनविहार’ आणि अल्लादियाखाँचे चरित्र मराठीला दिले.

परंतु दैवाचा खेळ पाहा. स्वर स्थिर, श्रुती नाहीत, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ही बंदी अंशतः सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. गोविंदराव ९ ऑक्टोबर १९५५ रोजीच निवर्तले. ज्या वाद्यावर त्यांनी उमेदीची वर्षे वाहिली, त्याला रेडिओचे दार उघडलेले त्यांना पाहायला मिळाले नाही.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे मान्य करावे लागेल. पण कलावंत वाद्याच्या मर्यादेपाशी थांबत नाही, हेही तितकेच खरे. आज पेटीवाचून ख्यालाची मैफल क्वचितच होते. आपल्या सोलापुरातील भजनाला तर तिच्यावाचून रंगच चढत नाही. यापुढे तालमीच्या कोपऱ्यातील त्या पेटीकडे पाहताना गोविंदरावांची आठवण व्हावी, एवढीच अपेक्षा.