रमाबाई रानडे : अक्षरापासून मतापर्यंत

महाराष्ट्रातील स्त्री-जीवनाच्या इतिहासात श्रीमती रमाबाई रानडे यांचे नाव आदराने घेतले जाते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी, पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ आणि एका सुंदर आठवणींच्या पुस्तकाच्या लेखिका म्हणून त्या आपल्याला परिचित आहेत. २०१२ साली दूरचित्रवाणीवर त्यांच्या जीवनावर मालिका आली, तेव्हा तर त्या घराघरांत पोहोचल्या. परंतु मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून जी चळवळ झाली, तिच्या अग्रभागी ह्याच रमाबाई होत्या, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते. त्यांच्या चरित्राचा तो भाग आपल्या तेलगाव परिसरातील विद्यार्थ्यांना विचार करायला लावणारा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे ह्या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे माहेरचे नाव यमुना. त्या काळी मुलींना अक्षरओळख करून देणे हे अशुभ मानणारी घरेच अधिक होती; रमाबाईही निरक्षर राहिल्या. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह माधवरावांशी झाला. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे, विद्वान, सरकारी न्यायखात्यात नोकरीस आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी विधवेशी विवाह करावा अशी सुधारक मंडळींची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि टीकेचे धनी झाले. त्या टीकेत तथ्य होते, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र जी मुलगी पत्नी म्हणून घरात आली, तिला शिकवून शहाणे करायचे, हा निश्चय त्यांनी लग्नानंतर लगेच अमलात आणला. मुळाक्षरांपासून सुरुवात झाली. पुढे शिकवायला शिक्षिका येऊ लागली आणि मराठीनंतर इंग्रजीचाही अभ्यास सुरू झाला.

खरी परीक्षा घरातच होती. रानड्यांच्या एकत्र कुटुंबात सासू, नणंद, नात्यातल्या वडीलधाऱ्या बायका होत्या. सुनेने वाचत बसावे, हे त्यांना मुळीच पसंत नव्हते. टोमणे, अबोला, कामाचा बोजा हे सारे रमाबाईंच्या वाट्याला आले. पतीची इच्छा एक आणि माजघरातील शिस्त दुसरी, अशा कात्रीत ती लहान मुलगी सापडली होती. तिने ना पुस्तक सोडले, ना घरच्यांशी वैर धरले. ज्या बायकांनी तिला छळले, त्या स्वतःही अशाच चाकोरीत वाढलेल्या होत्या. पुढे हजारो स्त्रियांची मने वळवताना रमाबाईंना जो संयम उपयोगी पडला, त्याचे शिक्षण त्यांना या माजघरात मिळाले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

माधवरावांची बदली नाशिकला झाली, तेव्हा एका शाळेच्या समारंभात रमाबाई प्रथमच चारचौघांत बोलल्या. ते भाषण माधवरावांनी लिहून दिले होते. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्या सभांना रमाबाई जाऊ लागल्या. बायकांनी बायकांसमोर उभे राहून विचार मांडावा, ही कल्पनाच पुण्याला नवी होती. १८८४ साली मुलींसाठी हायस्कूल निघावे म्हणून हिराबागेत सभा भरली. गव्हर्नरसाहेब उपस्थित होते. त्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचले आणि घरी परतल्यावर पुन्हा रोष सोसला. त्याच वर्षी पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले. हुजूरपागा म्हणून ते आज सर्वांना ठाऊक आहे.

१९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती रानडे निवर्तले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आत होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे विधवेचे आयुष्य तेथेच मिटत असे. रमाबाईही काही काळ घरात कोंडून राहिल्या, पण नंतर बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना त्या भेटू लागल्या, रुग्णांची विचारपूस करू लागल्या. १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम त्यांच्याच वाड्यात सुरू झाले. श्री. गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यांना मोलाची साथ लाभली. विधवा, परित्यक्ता आणि गरीब घरच्या स्त्रिया येथे येऊन लिहू-वाचू लागल्या, शिवणकाम शिकू लागल्या, शिक्षिका होऊ लागल्या. रुग्णसेवेचे शिक्षण घ्यायला आधी कोणी धजेना. परक्या माणसांना स्पर्श करायचा, जातीचा विचार न करता सर्वांची शुश्रूषा करायची, हे घरच्यांना कसे रुचावे? रमाबाई स्वतः घरोघर जाऊन समजूत घालत. हळूहळू परिचारिकांचे वर्ग भरू लागले.

संस्था चालवताना सभा बोलवावी लागते, हिशेब ठेवावा लागतो, मतभेद ऐकून घ्यावे लागतात आणि शेवटी निर्णय करावा लागतो. लोकशाहीचे सारे धडे सेवासदनाच्या बायकांनी असे नित्याच्या कामातून गिरवले. त्यामुळे पुढची पायरी आपोआप आली. १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. पुण्यात प्रश्न निघाला, की पैसा अपुरा आहे, तर आधी मुलांपुरतीच सक्ती करावी. लोकमान्य टिळकांसारख्या थोर नेत्याचेही मत तसेच पडले. १९२० साली रमाबाईंच्या पुढाकाराने पुण्यातील स्त्रिया रस्त्यावर आल्या, मिरवणुकीने निघाल्या आणि मुलींनाही सक्तीचे शिक्षण मिळाले पाहिजे अशी मागणी त्यांनी केली. पैसा कमी पडला म्हणजे कात्री प्रथम मुलींच्या वाट्याला का लागावी, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न आजही अनेक घरांत जिवंत आहे.

याच सुमारास मताधिकाराचा प्रश्न पुढे आला. १९१७ साली श्रीमती सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले होते. १९१९ च्या सुधारणा-कायद्याने स्त्रियांना मत द्यावे की नाही, हे ठरवण्याचे काम प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवले. मुंबई इलाख्यात रमाबाईंनी ह्या चळवळीचे नेतृत्व केले. १९२१ साली मद्रासनंतर मुंबईच्या कायदेमंडळानेही स्त्रियांना मताचा हक्क दिला. स्त्री म्हणून आड येणारी भिंत पडली. तीन वर्षांनी, १९२४ साली, रमाबाईंचे देहावसान झाले. १९६२ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

ह्या यशाला मर्यादाही होत्या. तो हक्क मालमत्तेच्या अटीशी जोडलेला होता, त्यामुळे मजूर स्त्रीला त्याचा उपयोग नव्हता. आपला बीड जिल्हा तर तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबईचा कायदा इथे लागूच नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, १९५० साली राज्यघटना अमलात आली आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या भागातील स्त्रियांनी पुरुषांच्या बरोबरीने मतदान केले. त्या वेळी ना जमिनीची अट होती, ना शिक्षणाची.

येथेच रमाबाईंचे चरित्र आपल्याला काही सांगते. त्यांच्या आयुष्यात आधी अक्षर आले, मग सभेत बोलणे, मग संस्था, मग नगरपालिकेवरची मिरवणूक आणि सर्वांत शेवटी मत. आपल्याकडे मत आधी आले आणि बाकीच्या गोष्टी मागे राहिल्या. १९९३ पासून पंचायतीत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. पण सरपंचबाईंच्या खुर्चीवर पतिराज बसलेले दिसले, की पायऱ्या चुकल्याची जाणीव होते.

आपल्या धारूर, वडवणी, माजलगाव भागातून दिवाळीच्या आगेमागे असंख्य कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तेथे हिशेब असतो. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. फड तोडताना, मोळ्या बांधताना, त्या डोक्यावरून वाहताना मात्र बाई बरोबरीने राबते. मतदारयादीत ती पूर्ण एक आहे, कामाच्या हिशेबात अर्धी. २६ जानेवारीला गावी ग्रामसभा भरते, तेव्हा ती कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात असते. ज्या जिल्ह्यात रमाबाई जन्मल्या, त्याच जिल्ह्यात आपल्या बायाबापड्या दरवर्षी कोयता घेऊन उतरतात! रमाबाईंनी फिजी आणि केनियातील भारतीय मजुरांसाठीही आवाज उठवला होता. फिजीतले ते मजूर करारात अडकून उसाच्याच मळ्यांत राबत होते. मग आपल्या उसाच्या फडातील बाईचा प्रश्न त्यांना परका वाटला नसता, असे मानायला हरकत नाही.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्यापैकी कित्येकांच्या आया अशा फडांत राबल्या आहेत. महाविद्यालयाच्या वर्गात आज बसणारी मुलगी ही त्या घरातली पहिली शिकलेली स्त्री असू शकते. तिने गावच्या महिला सभेत एक प्रश्न उभा राहून विचारावा, पाण्याचा, रेशनचा किंवा शाळेचा. आणि शेजारच्या चार बायकांना बरोबर न्यावे. रमाबाईंनीही पहिल्यांदा बोलताना दुसऱ्याने लिहून दिलेले वाचले होते. स्वतःचे शब्द त्यांना पुढे सापडले, कारण त्या बोलायच्या थांबल्या नाहीत. सुदृढ लोकशाहीचा पाया अशाच बोलण्यातून घातला जातो.