चिंध्यांचा पोशाख

राज्य शासनाने सन २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि गोंदिया जिल्ह्यातील खेड्यांपासून कोकणातील वाड्यांपर्यंत बाबांचा खराटा पोहोचला. त्यांचा पोशाख मात्र तसबिरीपुरताच उरला. वास्तविक बाबांचे नावच या पोशाखावरून पडलेले आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. डेबूजी दापुरे येथे आजोळी वाढले, गुरे राखली, शेती कसली. लोकांचे कपडे धुणे हा ज्या घराचा पिढीजात व्यवसाय, त्या घरातील हा पुरुष १ फेब्रुवारी १९०५ रोजी संसार सोडून बाहेर पडला. पुढे त्याने स्वतःसाठी जो वेश सिद्ध केला, तो कोणत्याही शिंप्याने शिवून दिला नसता.

अंगावर चिंध्या जोडून केलेले गोधडीवजा वस्त्र, डोक्यावर मडक्याचे खापर, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. पायांतील वाहणाही एकमेकींशी न जुळणाऱ्या. खापर म्हणजे उन्हात टोपी, जेवताना ताट आणि तहान लागली की पाण्याचे भांडे. लोकांनी टाकून दिलेले नाही, असे त्या वेशात जवळजवळ काहीच नव्हते.

हा विक्षिप्तपणा होता काय? तसे वाटत नाही. त्या काळी पागोटे, धोतराची नेसण आणि वाहणा पाहून माणसाची जात ओळखली जाई. भगवी कफनी दिसली की लोक पायांवर डोके ठेवीत. बाबांच्या वेशावरून यातले काहीच वाचता येत नसे. अनोळखी गावात शिरून ते रस्ते झाडू लागत. कोणी वेडा समजून हाकलून देई. रात्री तोच वेडा कीर्तनाला उभा राही आणि अस्पृश्यता, कर्ज, दारू, पशुबळी यांवर श्रोत्यांनाच प्रश्न विचारी. पाया पडू पाहणाऱ्यांना तर ते जवळ येऊ देत नसत.

पण वेशाचीच कीर्ती झाली. कुठे गोधडेबुवा, कुठे चापरेबुवा, कुठे लोटके महाराज. ओळख पुसण्यासाठी घेतलेला पोशाख दुरूनही ओळखू येऊ लागला. धर्मशाळांसाठी देणग्यांचा ओघ सुरू झाला, तरी बाबांच्या अंगावरच्या चिंध्या सुटल्या नाहीत. स्वतःसाठी ते कोणाकडून काही घेत नसत.

एक अपवाद सांगितला जातो. जुलै १९४९ मध्ये बाबा मुंबईत रुग्णालयात असताना, तेव्हा केंद्रीय कायदामंत्री असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन घोंगड्या घेऊन भेटीस आले. बाबांनी त्या ठेवून घेतल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षणकार्यासाठी त्यांच्या स्वाधीन केली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ गाडगेबाबांनीही देह ठेवला.