१६ ग्रॅमचं विमान

कॉलेजच्या एरोमॉडेलिंग क्लबात असाल, तर पावसाळ्यात काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. निगडी असो की चाकण, जून लागला की मैदानात चिखल आणि वर भणाणता वारा. मग मॉडेल उचलून सगळे हॉलमध्ये. पंखे बंद, खिडक्या बंद, घामाच्या धारा, तरी सगळ्यांच्या माना वर! अशा वेळी ड्रोन आणि रिमोटच्या हेलिकॉप्टरांच्या गर्दीत एखादा फर्स्ट इयरवाला रबराच्या पिळावर उडणारं विमान घेऊन आला, तर सीनियर हसणारच. लहान मुलांचं खेळणं ते!

पण हसण्याआधी अल्फॉन्स पेनो कोण होता हे माहीत असायला हवं. विमानांच्या इतिहासात त्याचं नाव मानानं घेतलं जातं, आणि ते मुख्यतः या रबराच्या खेळण्यांमुळेच.

पेनोचा जन्म ३१ मे १८५० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील फ्रेंच नौदलात ॲडमिरल. मुलालाही समुद्रावरच जायचं होतं. पण तरुणपणीच कमरेच्या सांध्याचं दुखणं मागे लागलं आणि नौदलाचा रस्ता बंद झाला. जे करायचं ठरवलं होतं तेच शरीरानं नाकारलं. मग हा मुलगा उडण्याच्या प्रश्नाकडे वळला.

तेव्हा माणूस हवेत जात नव्हता असं नाही. १७८३ पासून फुगे होते. पण पंखांचं, हवेपेक्षा जड यंत्र कुणाला नीट उडवता येत नव्हतं. छोटी मॉडेल्स बनत होती, पण अडचण एकच, ताकद कुठून आणायची? वाफेचं इंजिन जड, घड्याळाची स्प्रिंगही जड. १७८४ मध्ये लोनॉय आणि बियाँव्हन्यू या दोघा फ्रेंच माणसांनी धनुष्याच्या ताणावर फिरणारं, पक्ष्यांची पिसं लावलेलं छोटं हेलिकॉप्टर उडवलं होतं. पण त्यातला ताण क्षणात संपायचा.

१८७० मध्ये विशीतल्या पेनोनं त्या धनुष्याच्या जागी पिळलेलं रबर लावलं. बस, एवढंच! कोथिंबिरीच्या जुडीचा रबर बँड बोटांत धरून पिळून बघा. गाठींवर गाठी पडतात, आणि सोडला की तो भराभर उलगडतो. वजन जवळजवळ काही नाही आणि त्या मानानं ताकद भरपूर. पेनोच्या हेलिकॉप्टरला वर एक आणि खाली एक असे दोन पंखे होते. ते एकमेकांच्या उलट दिशेनं फिरायचे, म्हणजे सगळं यंत्रच भोवऱ्यासारखं गरगरत नसे. ते हातातून सुटून सरळ वर जायचं. खोलीत उडवलं तर थेट छताला!

पुढच्या वर्षी त्यानं हेच रबर विमानाला लावलं. या मॉडेलचं नाव प्लॅनोफोर. लांबी ५० सेंटिमीटर, पंखांचा विस्तार ४५ सेंटिमीटर आणि वजन फक्त १६ ग्रॅम. त्यातले ५ ग्रॅम तर रबराचेच. पंखा पुढे नाही, मागे शेपटीच्या टोकाला. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत जाणकारांसमोर त्यानं ते सोडलं. पॅरिस तेव्हा युद्ध आणि उठावातून नुकतंच बाहेर पडत होतं. बागेला लागून असलेला राजवाडा तीनच महिन्यांपूर्वी जळाला होता. अशा ठिकाणी हे चिमुकलं विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर उडालं. बॅडमिंटनची तीन कोर्टं एकामागे एक ठेवली तर होईल एवढं अंतर.

४० मीटर ऐकून काही वाटणार नाही. पण ते विमान स्वतःचा तोल स्वतः सांभाळत होतं. आत पायलट नाही, हातात रिमोट नाही, जायरो तर नाहीच नाही. पेनोनं दोन गोष्टी केल्या होत्या. पंखांची टोकं वर उचलली होती, त्यामुळे विमान एका बाजूला कललं की पुन्हा सरळ व्हायचं. आणि मागच्या छोट्या शेपटीची पुढची कड किंचित खाली झुकवली होती. नाक खाली गेलं की वेग वाढतो, वाढलेला वारा शेपटीला खाली दाबतो आणि नाक आपोआप वर येतं. आज एरोनॉटिक्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ते हेच. पेनोनं ते २१ व्या वर्षी उडवून दाखवलं.

यानंतर त्यानं रबरावर पंख फडफडवणारा पक्षीही केला. मग स्वप्न मोठं झालं. १८७६ मध्ये पॉल गोशो या मेकॅनिकबरोबर त्यानं दोन माणसं नेणाऱ्या विमानाचं पेटंट घेतलं. जमिनीवरून आणि पाण्यावरूनही उडू शकेल असं यंत्र, उलट दिशांनी फिरणारे दोन पंखे, आत ओढून घेता येणारी चाकं, चालकासमोर काच आणि एकाच दांड्यानं सगळं नियंत्रण. हे सगळं कागदावर, १८७६ मध्ये!

अडलं इंजिनाशी. त्याच वर्षी जर्मनीत निकोलाउस ओटोनं फोर-स्ट्रोक इंजिन चालवून दाखवलं होतं. आज आपल्या पट्ट्यातला अख्खा बाईक उद्योग ज्या तत्त्वावर उभा आहे, तेच. पण ते इंजिन जमिनीला जखडून ठेवावं इतकं अवजड होतं. विमानात बसेल असं हलकं इंजिन यायला अजून २५ हून जास्त वर्षं लागणार होती.

पेनो पैशासाठी दारोदार फिरला. टीका झाली, टिंगल झाली, आणि तब्येतही साथ देईना. आंरी जिफार हे वाफेवर चालणारी हवाई नौका १८५२ मध्ये उडवणारे श्रीमंत इंजिनीअर. त्यांच्याकडून मोठी आशा होती, तीही फळाला आली नाही. आपले आराखडे एका पेटीत भरून पेनोनं जिफार यांच्याकडे पोहोचवले आणि ऑक्टोबर १८८० मध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं. वय अवघं ३०. (प्रोजेक्ट, पैसा किंवा तब्येतीच्या ओझ्यानं कुणी इतकं खचलं असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर २४ तास सुरू असतो.)

पेनोला कळलंच नाही, पण त्याआधी दोनच वर्षं, १८७८ मध्ये, अमेरिकेत एका वडिलांनी मुलांसाठी एक खेळणं आणलं होतं. बांबू, बूच, कागद आणि पिळलेलं रबर, म्हणजे पेनोच्या हेलिकॉप्टरचीच नक्कल. मुलं ११ आणि ७ वर्षांची, विल्बर आणि ऑर्विल राइट. खेळणं मोडलं, तेव्हा त्यांनी तसंच दुसरं बनवलं, मग आणखी मोठं. जितकं मोठं, तितकं ते कमी उडे. आकार दुप्पट केला तर ताकद आठपट लागते, हे त्यांना पुढे कळलं. पेनोचं पेटंटही याच गणितापाशी अडलं होतं.

१८९९ मध्ये विल्बरनं उड्डाणाची माहिती मागवायला वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिलं. त्यात लहानपणी केलेल्या या मॉडेल्सचा उल्लेख आहे, पेनोच्या नावासकट. १९०३ मध्ये हे भाऊ उडाले ते सुमारे १२ अश्वशक्तीच्या इंजिनावर. आपल्या १२५ सीसी बाईकची ताकद साधारण तेवढीच असते.

रबराची विमानं मात्र मागे पडली नाहीत. बंद हॉलमध्ये ती उडवण्याच्या जागतिक स्पर्धा होतात. तिथली मॉडेल्स दीड ग्रॅमच्या आसपास असतात आणि एका पिळावर २० मिनिटांहून जास्त तरंगतात.

तेव्हा यंदा हॉल मिळाला की एक संध्याकाळ रिमोट बाजूला ठेवा. बाल्साची काडी, पातळ कागद, प्लास्टिकचा पंखा आणि रबर, खर्च फार नाही. पंखांची टोकं थोडी वर उचला, शेपटीची पुढची कड किंचित खाली करा आणि हलकेच सोडा. नाक वर करून थबकलं तर पुढे चिमूटभर वजन लावा. सरळ जायला लागलं की सीनियरलाही बोलवा.