‘एसी’ हा शब्दही नव्हता, तेव्हा जमशेदजी टाटांनी नागपूरच्या मिलची हवा बदलली

मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. अशा वेळी मोठ्या हॉस्पिटलात किंवा मॉलमध्ये शिरलं की जीवात जीव येतो. तिथे घरातला एसी आणून लावता येत नाही. माणसं किती, मशिनं किती, ऊन कुठल्या भिंतीवर येतं, हवेत ओलावा किती, हे सगळं मोजून त्या इमारतीपुरती वेगळी सिस्टीम बसवावी लागते.

हवेचा असा हिशेब मांडायची गरज माणसांच्या आधी कापसाला पडली होती. आणि त्यात आपल्याकडे नाव येतं जमशेदजी टाटांचं.

जन्म ३ मार्च १८३९, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, एल्फिन्स्टनमध्ये. १८६८ ला २१ हजार रुपयांवर स्वतःची पेढी काढली. पुढे चिंचपोकळीची एक बुडीत तेलगिरणी घेतली, तिची कापड गिरणी केली आणि नफ्यात विकून टाकली.

मग गडी थेट नागपूरला गेला. सगळे मुंबईत गिरण्या काढत होते, यांना मात्र कापूस पिकतो तिथेच मिल हवी होती. वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि आपल्या जळगाव-भुसावळवरून जाणारी रेल्वे नागपूरला पोचली होती. जुम्मा तलावाजवळची दलदल भरून काढली आणि १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली.

पण नागपूरची हवा खान्देशासारखीच, उन्हाळ्यात कोरडी ठाक. कोरड्या हवेत सुती धागा कडक होतो, तुटतो. धागा तुटला की चाती थांबते आणि कामगार गाठ मारत बसतो. मुंबईला समुद्राचा दमटपणा फुकट मिळायचा, नागपुरात तो तयार करावा लागणार होता. जमशेदजींनी मिलमध्ये ह्युमिडिफायर बसवले. म्हणजे पाण्याचे बारीक तुषार सोडून हवेत ओलावा धरून ठेवायचा. सोबत आग विझवणारे स्प्रिंकलरही लावले. भारतातल्या गिरण्यांत हे नवीनच होतं.

आता खरं सांगायचं तर हा ओलावा धाग्यासाठी होता. उन्हाळ्यात गरम दमट हवेत दहा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला त्याने गारवा मिळाला असेल असं वाटत नाही. मिलमध्ये रोज साधारण पाचातला एक कामगार गैरहजर असायचा. तरी जमशेदजींनी माणसांचा विचारच केला नाही, असंही नाही. १८८६ ला त्यांनी पेन्शन फंड सुरू केला, १८९५ ला अपघाताची भरपाई. तेव्हा कायद्याने यातलं काहीच सक्तीचं नव्हतं.

१६ डिसेंबर १९०३ ला मुंबईत त्यांचं ताज हॉटेल उघडलं. विजेचे दिवे, लिफ्ट, स्वतःचा बर्फाचा कारखाना, सगळं एका इमारतीत. पाच महिन्यांनी, १९ मे १९०४ ला जर्मनीत ते वारले.

तिकडे अमेरिकेत विलिस कॅरियरने १९०२ मध्ये एका छापखान्यासाठी हवेतला ओलावा काबूत ठेवणारी यंत्रणा आखली होती. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द मात्र १९०६ ला आला. तो काढणारा स्टुअर्ट क्रेमर हा कापड गिरण्यांचाच इंजिनिअर.

एम्प्रेस मिल पुढे बंद पडली. तिच्या जागेवर आज एम्प्रेस मॉल आहे. नागपूरकर उन्हाळ्यात तिथे गारव्याला जातात.