विश्लेषण : साठाव्या वर्षी दृष्टी गेली, तरी १८ वर्षे तख्तावर! अंध बादशहा शाह आलमची कहाणी काय सांगते?

जामखेड तालुक्यातील चोंडी हे अहिल्यादेवी होळकर यांचे जन्मगाव. त्यांच्या कारकीर्दीतील होळकरी रुपयांवर शिवलिंग आणि बेलपत्र दिसते. मात्र त्याच रुपयांवर फारसीत नाव आहे ते दिल्लीचा बादशहा शाह आलम दुसरा याचे. याच तालुक्यात खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. तेव्हाही कागदोपत्री दोन्ही बाजूंचा धनी हाच बादशहा होता आणि त्याला अंधत्व येऊन साडेसहा वर्षे झाली होती. उतारवयात दृष्टी गेल्यावर माणसाचे स्थान, मन आणि त्याच्याकडे पाहणारा समाज कसा बदलतो, हे त्याच्या आयुष्यातून समजते.

कोण होता शाह आलम?

जन्म १७२८ चा, मूळ नाव अली गौहर. वडील दुसरा आलमगीर यांचा १७५९ मध्ये खून झाला, तेव्हा तो दिल्लीबाहेर भटकत होता. १७६४ च्या बक्सरच्या लढाईनंतर त्याला इंग्रजांच्या आश्रयाने अलाहाबादेत राहावे लागले. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी त्याने कंपनीला दिली. १७७२ मध्ये मराठ्यांच्या मदतीने तो दिल्लीत परतला आणि १७८४ मध्ये बादशाहीचा कारभार महादजी शिंदे यांच्या हाती आला. शाह आलम कवीही होता. त्याचे टोपणनाव होते ‘आफताब’, म्हणजे सूर्य.

दृष्टी कशी गेली?

१७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेनंतर उत्तरेत महादजींचा जोर काही काळ ओसरला. ती संधी साधून नजीबखानाचा नातू गुलाम कादिर रोहिला याने १७८८ च्या उन्हाळ्यात दिल्ली ताब्यात घेतली. लाल किल्ल्यात खजिना दडवला आहे, असा त्याचा समज होता. त्याने शाह आलमला पदच्युत केले, राजघराण्याचे अन्नपाणी तोडले आणि १० ऑगस्ट १७८८ रोजी बादशहाचे डोळे काढले.

डोळेच का?

कारण त्या काळी आंधळे करणे म्हणजे जिवंतपणी राज्याबाहेर काढणे. जहांगीरने आपल्या बंडखोर मुलाला, खुसरोला, हीच शिक्षा दिली होती. १७५४ मध्ये अहमदशहा बहादूर यालाही गादीवरून उतरवून आंधळे केले गेले. आंधळा माणूस राज्य करू शकत नाही, हे सर्वांनी गृहीत धरले होते. महाभारतातही थोरला असून धृतराष्ट्राला डावलून पंडूला गादी मिळाली, ती याच कारणाने.

मराठ्यांनी काय केले?

महादजींचे सरदार राणेखान यांच्या फौजेने ऑक्टोबर १७८८ मध्ये लाल किल्ला घेतला. दुसरा शहाजादा गादीवर बसवणे सोपे होते. पण मराठ्यांनी अंध शाह आलमलाच पुन्हा बादशहा म्हणून जाहीर केले आणि रूढी मोडली. गुलाम कादिर पुढे पकडला गेला आणि १७८९ मध्ये मारला गेला. पानिपतावर पायाला झालेल्या जखमेमुळे महादजी स्वतः आयुष्यभर लंगडत होते. त्या रणातून त्यांना वाचवणारे हेच राणेखान.

मनावर काय परिणाम झाला?

त्याच्या नावावरील एका फारसी गझलेत विश्वासघाताची जखम आहे, दैवाला दिलेला दोष आहे आणि महादजींवर पुत्रासारखा टाकलेला भरवसाही आहे. प्रौढपणी दृष्टी गेलेल्यांमध्ये शोक, राग आणि नैराश्य दिसते, असे मानसतज्ज्ञ सांगतात. जवळचे माणूस गमावल्यासारखे ते दुःख असते. मात्र शाह आलम तिथेच थांबला नाही. १७९२-९३ च्या सुमारास त्याने ‘अजायब-उल-कसस’ ही उर्दू गद्यातील लांबलचक कथा तोंडी सांगून लिहवून घेतली. १७९७ मध्ये त्याच्या रचनांचा ‘नादिरात-ए-शाही’ हा संग्रह तयार झाला. त्यात उर्दू, हिंदी, फारसी आणि पंजाबी रचना आहेत. लेखणी दुसऱ्याच्या हातात गेली तरी शब्द त्याचेच राहिले.

समाजाने त्याला कसे पाहिले?

गादी परत मिळाली, निर्णयाचा अधिकार मात्र मिळाला नाही. कारभार शिंद्यांच्या माणसांकडे होता आणि बादशहाला तनख्यावर भागवावे लागे. १७९४ मध्ये महादजी गेले. सप्टेंबर १८०३ मध्ये पटपडगंजच्या लढाईनंतर जनरल लेक दिल्लीत आला आणि पालक बदलले. इंग्रजांच्या वर्णनांत फाटक्या छत्राखाली बसलेला दीनवाणा अंध म्हातारा येतो. ग्रंथकर्ता फारसा येत नाही. खरे तर त्याची सत्ता डोळे जाण्याच्या कितीतरी आधी संपली होती. १७६५ आणि १७८४ मधले निर्णय डोळस असतानाचे आहेत. तरीही त्याच्या दुबळेपणाचे चित्र म्हणून अंधत्वच लोकांच्या लक्षात राहिले.

आज यातून काय घ्यायचे?

आता दृष्टी जाण्यामागे बहुधा मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेह असतो. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया होते. काचबिंदू आणि मधुमेहात वेळेवर तपासणी महत्त्वाची. देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शिक्षण आणि नोकरीत हक्क दिले आहेत. मोबाइलमधील ‘टॉकबॅक’सारखी सोय पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते, त्यासाठी लेखनिक लागत नाही.

घरातली सवय बदलणे मात्र कायद्याच्या हाती नाही. दृष्टी गेलेल्या वडिलांना काय हवे, हे डॉक्टर आणि पाहुणे अनेकदा शेजारी बसलेल्या मुलाला विचारतात. पैशांचे व्यवहार, जमिनीचे कागद, लग्नाची बोलणी त्यांच्या नकळत दुसऱ्याकडे जातात. त्यामागे काळजी असते. पण माणूस हळूहळू आपल्याच घरात नामधारी होतो.

शाह आलम १९ नोव्हेंबर १८०६ रोजी वारला. त्याच्या नावाची नाणी कंपनी त्यानंतरही जवळपास तीन दशके पाडत राहिली. नाव सर्वांना हवे होते. त्याचे मत विचारणारे थोडेच होते.