डोळ्यावरून स्वभाव?

१९८७ साली रविवारी सकाळी टीव्हीवर 'रामायण' लागलं, की मंथरेला बघून आमची आजी कडाकडा बोटं मोडायची. ही बाई घरीही अश्शीच कजाग असणार, याबद्दल तिला शंकाच नसे. मलाही ते पटायचं.

पुढे ललिता पवारांविषयी वाचलं आणि ओशाळले. १९१६ साली येवल्यात जन्मलेली ही मुलगी मूकपटांपासून काम करत नायिका झाली. १९३८ साली 'दुनिया क्या है' हा चित्रपट तिनं स्वतः काढला. १९४२ मध्ये चित्रीकरणात थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला लकवा झाला, उपचारांत काही वर्षं गेली, डावा डोळा बारीकच राहिला. नायिकेची कामं संपली. पण त्याच डोळ्याच्या जोरावर बाईंनी पडद्यावर खाष्ट सासू उभी केली! आणि १९५९ च्या 'अनाडी'तली मिसेस डिसा? वरून काटेरी, आत गरे. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं.

मग खऱ्या ललिताबाई कोणत्या? मंथरा नव्हेत, नि मिसेस डिसाही नव्हेत. एवढ्या कामावरून मी एकच अंदाज बांधते, बाई चिवट होत्या.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या कपाळावरच्या आठ्या बघून मी धसकलेच होते. त्या आठ्या अर्धशिशीच्या होत्या, हे कळायला मला चार वर्षं लागली. मैत्रिणींनो, पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर?