नामदार गोपाळ कृष्ण गोखले : जीवनपरिचय

विद्यार्थी मित्रांनो, प्रकाशाला तुम्ही तापी नदी पाहिलीच असेल. हीच तापी पुढे सुरतजवळ समुद्राला मिळते. नंदुरबारहून गाडीत बसलं की सुरत फक्त काही तासांवर. याच सुरत शहरात १९०७ साली राष्ट्रीय काँग्रेसचे दोन तुकडे झाले. त्या गोंधळात एक माणूस आपल्या विरोधकाला मार लागू नये म्हणून दोन्ही हात पसरून त्याच्या शेजारी उभा राहिला. ते होते नामदार गोखले.

जन्म आणि शिक्षण :
गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. वडील लवकर वारले. थोरल्या भावाला महिना पंधरा रुपये पगार होता. त्यातले आठ रुपये तो गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवायचा. विचार करा, घरात काय उरत असेल! १८८४ साली गोपाळराव मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले आणि पुण्यात शिक्षक झाले. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले.

जहाल आणि मवाळ :
लोकमान्य टिळक आणि गोखले एकाच शिक्षणसंस्थेत होते. पण मतं जुळेनात. १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. लोकांना सोबत घेऊन सरकारशी झुंजायचं, ही टिळकांची जहाल वाट. कायदेमंडळात बसून, आकडे मांडून, वाटाघाटी करून थोडं थोडं मिळवायचं, ही गोखल्यांची मवाळ वाट. ध्येय देशाचंच होतं. पण माणसं गटात वाटली गेली आणि वर्तमानपत्रांतून एकमेकांवर टीकेचा भडिमार सुरू झाला.

१८९७ साली गोखल्यांनी इंग्लंडमध्ये प्लेगच्या काळातील गोऱ्या सैनिकांच्या वागणुकीवर आरोप केले. परत आल्यावर पुरावा देता येईना, म्हणून त्यांनी माफी मागितली. लोक खूप चिडले. तरीही त्यांनी काम सोडलं नाही. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला.

सुरतचे अधिवेशन :
डिसेंबर १९०७. टिळक बोलायला व्यासपीठावर गेले, पण त्यांना बोलू देईनात. तेवढ्यात एक जोडा भिरकावला गेला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. मग काठ्या, खुर्च्या! टिळकांवर लोक धावून आले, तेव्हा त्यांना वाचवायला गोखलेच पुढे झाले. अधिवेशन मात्र मोडलं. पुढच्याच वर्षी सरकारने टिळकांना सहा वर्षांची शिक्षा देऊन मंडालेला पाठवलं. घरातल्या भांडणाचा फायदा कोणाला झाला, ते तुम्हीच ओळखा.

शिक्षणाचे विधेयक :
१९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सरकारला पटावं म्हणून त्यांनी मागणी लहान ठेवली : आधी फक्त मुलगे, आणि तेही जिथे स्थानिक संस्था तयार असेल तिथेच. तरी १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. म्हणजे तडजोड दरवेळी जिंकतेच असं नाही. पण मागणी मेली नाही. आज धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या मुलामुलींनाही शिक्षणाचा हक्क आहे, तो कायदा २००९ साली झाला.

अखेर :
१९१४ च्या अखेरीस दोन्ही गट एकत्र आणायची बोलणी झाली, पण ती फिसकटली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले, अवघ्या ४८ व्या वर्षी. टिळक स्मशानात आले आणि त्यांनी आपल्या विरोधकाचा मनापासून गौरव केला. १९१६ साली लखनौला काँग्रेस पुन्हा एक झाली. ते पाहायला गोखले नव्हते.

मित्रांनो, अमेरिकेसारख्या देशातही २०१८-१९ मध्ये दोन पक्षांचं खर्चावरून जमेना, म्हणून सरकारची कितीतरी कार्यालयं ३५ दिवस बंद राहिली. ग्रामपंचायत असो की आपला वर्ग, मतभेद होणारच. तुमचं मत ठामपणे मांडा. पण समोरच्यावर कोणी धावून आलं, तर तुम्ही कुठे उभे राहाल, हे आजच ठरवून ठेवा.